‘हो मालक’ म्हणणारी माणसं खरं कधी सांगतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, साठेक माणसं. वडिलांनी उभा केला, गेली दोन वर्षं तुम्ही बघताय. सगळे ‘हो मालक’ म्हणतात, पण माल खराब गेल्याचं तुम्हाला मुंबईच्या पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाईकाच्या, फोनवरून कळतं. मिटिंग घेतली की माना खाली. दोन चांगले विणकर काही न सांगता दुसरीकडे गेले. आणि तुम्ही विचारताय, या माणसांचा विश्वास कसा मिळवू. सहल काढू, की पुण्याहून कोणी ट्रेनर बोलवू?

सहल जरूर काढा, माणसं खूश होतील. पण त्यानं हा गुंता सुटायचा नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला दिसतं ते असं, की तुमच्या कारखान्यात खरं बोलणं महाग पडतं. टॉवेलवर तेलाचा डाग दिसला आणि सांगितला, तर कोणाच्या तरी पगारातून पैसे कापले जाणार, नाहीतर जॉबर, म्हणजे माग आणि विणकर सांभाळणारा मुकादम, तोंड फिरवणार, नाहीतर चारचौघांत बोलणी बसणार. गप्प राहिलं तर निदान आजचा दिवस निभावतो. घर चालवणारं माणूस यातलं काय निवडेल? तेव्हा ‘लोक माझ्यावर विश्वास का ठेवत नाहीत’ यापेक्षा ‘माझ्याकडे वाईट बातमी आणणाऱ्याचं पुढं काय होतं’ हा प्रश्न स्वतःला विचारा. मी आधी शेडवर आणि मग कामगारांच्या हजेरी-पगार-तक्रारींच्या कामात आयुष्य घालवलंय. जिथं या प्रश्नाचं उत्तर चांगलं होतं तिथं विश्वासाबद्दल कोणाला वेगळं बोलावं लागलं नाही.

काही गोष्टी अर्थात परिस्थितीवर आहेत. विणकरांना पीसरेटनं, म्हणजे नगाप्रमाणे, पैसे देताय की महिन्याचा पगार, यानं पुष्कळ फरक पडतो. वडील अजून ऑफिसात येऊन बसतात का, यानंही पडतो. ते बसत असतील तर माणसं तुमचं ऐकून घेतात आणि निर्णय त्यांच्याकडून घेऊन जातात, मग तुम्ही कितीही चांगले वागलात तरी तुमचा शब्द कच्चा राहतो. आणि माणसं कामावर कोण घेतं? तुम्ही की जॉबर? जॉबर घेत असेल तर त्यांची निष्ठा आधी त्याच्याशी असणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. खाली लिहितोय ते या तीन गोष्टींनुसार कमीजास्त करून घ्या.

पहिली गोष्ट पैशाची. १८७७ पासून या शहरात कापडगिरण्या चालल्या, पुढे एकामागून एक बंद पडल्या, आणि अडकलेल्या देण्यांच्या आठवणी शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत अजून ताज्या आहेत. अशा घरातला मुलगा तुमच्याकडे माग चालवतो तेव्हा मालकाच्या बोलण्याकडे तो दुसऱ्या क्रमांकानं बघतो, पहिल्या क्रमांकानं पगाराच्या तारखेकडे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत हा कायद्याचा दंडक आहेच. माझं म्हणणं, तुम्ही स्वतःची एक तारीख ठरवा आणि ती कधीही हलू देऊ नका. पार्टीचं पेमेंट अडकलंय हे कारण तुमच्यासाठी खरं असतं, पण किराणा दुकानदार ते ऐकून घेत नाही. खरंच जमणार नसेल तर तारखेच्या तीन-चार दिवस आधी स्वतः शेडमध्ये जाऊन सांगा, किती मिळेल आणि उरलेले कोणत्या दिवशी मिळतील तेही सांगा.

पीसरेट असेल तर एक बारीक गोष्ट बघा. विणकर आपले नग स्वतः कुठेतरी मांडून ठेवतो, खिशातल्या वहीत नाहीतर भिंतीवर खडूनं. क्लार्कचा आकडा आणि त्याचा आकडा जुळला नाही तर तुमच्याकडे कोणाचा धरतात? बहुतेक ठिकाणी क्लार्कचा धरतात, आणि विणकर वाद घालत नाही, फक्त मनात ठेवतो. पाळी संपताना नग मोजून एका कार्डावर लिहायचे, मोजणाऱ्यानं सही करायची आणि ते कार्ड विणकराकडेच राहू द्यायचं. पगाराला तेच कार्ड धरायचं. उचलीचंही तसंच. किती घेतली, किती फिटली, बाकी किती, हे त्याच्या हातातल्या कागदावर दिसलं पाहिजे. उचलीचा हिशोब फक्त ऑफिसच्या वहीत असतो तिथं माणसाला आपण बांधलेलो आहोत असं वाटतं, आणि असं वाटणारा माणूस तोंड उघडत नाही.

आता मुख्य मुद्दा, वाईट बातमीचा. एका कारखान्यातली संध्याकाळ सांगतो. रात्री गाडी भरायची होती, निम्मे खोके पॅक झालेले. चेकिंगच्या टेबलावरची एक बाई टॉवेल घेऊन मॅनेजरकडे आली. किनारीजवळ तेलाची बारीक रेघ होती, उजेडात तिरका धरल्यावरच दिसेल अशी. तिनं बोट ठेवून दाखवली आणि म्हणाली, असे अजून सापडतायत. मॅनेजरनं टॉवेल हातात घेतला, खिडकीशी नेऊन बघितला, पॅकिंग थांबवायला सांगितलं आणि फिटरला बोलावून कोणत्या मागातून तेल गळतंय ते शोधायला लावलं. बांधलेले खोके उघडले. थांबून पुन्हा चेकिंग करणाऱ्यांना जादा वेळाचे पैसे लावले. पार्टीला स्वतः फोन करून माल एक दिवस उशिरा येईल म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना सगळ्यांसमोर त्या बाईचं नाव घेऊन एवढंच बोलला, की काल यांनी सांगितलं म्हणून माल परत येण्यापासून वाचला. माग चालवणाऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही. तेल गळत होतं तो दोष मशीनचा आणि देखभालीचा होता.

यात भाषण कुठं होतं? पण शेडमधल्या प्रत्येकानं बघितलं, की गाडी थांबवण्याइतकी मोठी बातमी आणूनही त्या बाईला काही झालं नाही, कोणाच्या पगाराला हात लागला नाही आणि मॅनेजरचा आवाज चढला नाही. त्यानंतर पाइल (टॉवेलवरचे दोऱ्याचे फासे) निसटलंय, रंगाच्या छटेत फरक येतोय, वजन कमी भरतंय, अशा गोष्टी टेबलावरूनच कळू लागल्या. तुमच्याकडेही असा प्रसंग लवकरच येईल, बहुतेक गाडी निघायच्या घाईत. त्या पहिल्या मिनिटाची तयारी आत्ताच करून ठेवा. आधी माल बघायचा, मग मशीन, मग सूत, आणि माणसाकडे सगळ्यात शेवटी यायचं. हा क्रम डोक्यात पक्का असेल तर रागाच्या भरातही तो पाळला जातो.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. माणसं बोलायला लागली की दोषांच्या नोंदी वाढतील, आणि तुम्हाला वाटेल कारखाना बिघडत चाललाय. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात हॉस्पिटलांत अगदी हेच दिसलं होतं. औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करताना चांगल्या टीमच्या वॉर्डात चुकांची नोंद कमी असेल अशी त्यांची अपेक्षा होती, निघाली जास्त. त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, मोकळेपणानं सांगत होत्या. तेव्हा तुमच्या वहीतले दोष वाढले आणि त्याच वेळी पार्टीकडून परत येणारा माल कमी झाला, तर समजा गाडी रुळावर आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहीत चला. एकटा पहिला आकडा बघून कोणावर चिडलात तर महिनाभराची मेहनत एका दुपारी जाईल.

यालाच जोडून दंडाची गोष्ट. तुम्ही लिहिलं नाही, पण डागामागे इतके रुपये कापायची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. ती असेल तर बंद करा. दंडावर कायद्याची बंधनं आहेत. १९३६ च्या वेतन कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहेत: कोणत्या कारणांसाठी दंड होईल ते आधी जाहीर हवं, कामगाराला आपली बाजू मांडायची संधी हवी, त्या मुदतीच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर दंड जाता कामा नये, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरायची. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशोब करा. दंडातून वर्षाला मिळतात किती, आणि लपवलेल्या डागांमुळे परत आलेल्या एका लॉटमध्ये जातात किती? जाणूनबुजून नासधूस करणारा, दारू पिऊन मागावर येणारा, त्याचा मार्ग वेगळा. तिथं लेखी नोटीस द्या, चौकशी करा, कडक वागा. खरं सांगणाऱ्याला आणि नासधूस करणाऱ्याला एकाच मापानं मोजू नका.

आता जॉबर. सगळ्यात नाजूक जागा हीच आहे. बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, कोणाला आधी मिळणार, माग बिघडला तर कोणाचा आधी दुरुस्त होणार, चांगलं सूत कोणाच्या मागावर चढणार, हे त्याच्या हातात असतं. पीसरेटवाल्या विणकराचा माग दोन तास उभा राहिला तर त्याचे दोन तासांचे पैसे गेले. म्हणजे त्याची रोजची भाकरी तुमच्यापेक्षा जॉबरच्या मर्जीवर जास्त आहे. अशा माणसाला तुम्ही जॉबर शेजारी बसलेला असताना ‘मोकळेपणानं बोला’ म्हणता, आणि तो गप्प बसतो. तो हुशार आहे म्हणून गप्प बसतो.

बरेच तरुण मालक इथं जॉबरला वळसा घालतात. कामगारांना सांगतात, काही असेल तर थेट माझ्याकडे या. असं करू नका. जॉबरनं वडिलांच्या काळात कारखाना सांभाळलाय, त्यालाही आपली जागा जाईल ही भीती आहे, आणि घाबरलेला जॉबर तुम्ही शहरात नसलेल्या दिवशी काय करू शकतो ते तुम्हाला ठाऊकच असेल. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला. स्पष्ट सांगा, की डाग सांगितले गेले म्हणून तुम्हाला मी जाब विचारणार नाही, लपवले गेले तर विचारीन. मग त्याच्या मर्जीवर चालणाऱ्या दोन-तीन गोष्टी कागदावर आणा. प्रत्येक मागाशेजारी एक पाटी ठेवा: माग किती वाजता थांबला, कशामुळे, किती वाजता सुरू झाला. बीम कोणत्या क्रमानं लागणार ते आदल्या दिवशी लिहून लावा. सूत नाही, बीम नाही किंवा फिटर नाही म्हणून माग उभा राहिला तर त्या वेळेचा ठरावीक दर विणकराला द्या, कारण त्यात त्याचा दोष नाही. यात जॉबरचा अपमान होत नाही. उलट, पक्षपाताचा आरोप त्याच्या डोक्यावरून उतरतो. चांगला जॉबर महिन्याभरात याला तयार होतो. जो मुळीच तयार होत नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट कळली असं समजा.

आणि वडिलांच्या मर्जीतला एखादा जुना माणूस असेलच. नियम त्याला लागू होतो की नाही, इकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तो उशिरा आला तर त्याच्या हजेरीत काय लिहिलं जातं, यावरून उरलेले एकोणसाठ जण तुमचं मोजमाप करतात. त्याला मान द्या, चहा पाजा, औषधपाण्याला मदत करा. हजेरी मात्र सगळ्यांसारखीच लिहा.

भाषेबद्दल थोडं. तुमच्या शेडमध्ये निम्मी माणसं घरी तेलुगू बोलत असतील, काही कन्नड, काही दखनी. मिटिंग तुम्ही मराठीत घेता, तीही ऑफिसच्या खुर्चीवरून, आणि उत्तर येत नाही म्हणून वाईट वाटून घेता. तक्रार माणूस घरच्या भाषेत करतो. मला विचाराल तर सगळ्यांची मिटिंग काही महिने घेऊच नका. रोज सकाळी मागांमधून एक फेरी मारा, एका वेळी दोघा-तिघांशी उभ्यानं बोला, आणि ‘काही अडचण आहे का’ असं न विचारता ‘काल हा माग का थांबला होता’ असं विचारा. पहिल्याचं उत्तर नेहमी ‘काही नाही’ असतं. दुसऱ्याचं द्यावंच लागतं. तेलुगू येत नसेल तर चार वाक्यं शिका, ती चुकीची बोललात तरी चालेल.

या फेरीचा आणखी एक उपयोग आहे. १९९५ साली मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन अभ्यासकांनी संस्थांमधल्या विश्वासाची मांडणी केली. समोरच्याला काम येतं का, त्याला आपल्याबद्दल आस्था आहे का आणि तो सचोटीचा आहे का, या तीन गोष्टींवर विश्वास उभा राहतो असं त्यांचं म्हणणं. मालकाच्या मुलाच्या बाबतीत माणसांना बऱ्याचदा पहिल्याच गोष्टीची शंका असते. तुम्ही मनानं चांगले आहात हे त्यांना दिसतं, पण मागातलं कळतं का? एक महिना रोज तासभर फिटरबरोबर काढा. सूत का तुटतंय, पाइल का निसटतंय, हे तुमच्या डोळ्यांना दिसायला लागलं की माणसं तुमच्याशी बोलायला लागतील, कारण बोलून उपयोग होईल असं त्यांना वाटेल.

शिलाई-पॅकिंगच्या बायकांचं वेगळं बघा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ती कागदावर न ठेवता तिच्यातल्या बाहेरच्या सदस्याची बायकांशी एकदा गाठ घालून द्या. आणि समितीच्याही आधी संडास बघा: कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या दिवशी अर्धा तास उशीर झाला तर तो पुढे भरून द्यायची मुभा असेल, तर खोटी कारणं सांगायची वेळ त्यांच्यावर येत नाही. छोट्या खोट्याची सवय मोडली की मोठं खरं सांगणं सोपं जातं. गड्ड्याची जत्रा, मार्कंडेयाचा रथोत्सव, ईद, आषाढी, या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच चारचौघांना विचारून लिहून लावा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये थंड पाणी आणि चालू पंखे द्या. यावर जास्त लिहायची गरज नाही, फक्त करा.

मंदीचं मात्र सांगायलाच हवं, कारण टॉवेलच्या धंद्यात ती येतेच. सुताचा भाव चढतो, ऑर्डर थांबतात आणि पाळी कमी करावी लागते. जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० सालचा अभ्यास आहे. अमेरिकेत एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत पगार काही आठवड्यांपुरता १५ टक्के कमी केला होता. एका ठिकाणी वरिष्ठांनी वेळ देऊन कारण समजावलं, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्न ऐकून घेतले. दुसऱ्या ठिकाणी थोडक्यात कळवून मोकळे झाले. कपातीच्या काळात चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जिथं नीट समजावलं नव्हतं तिथं खूप जास्त. कपात तेवढीच होती, फरक सांगण्यात होता. तेव्हा पाळी कमी करायची वेळ आली तर जॉबरकरवी निरोप धाडू नका. स्वतः उभे राहा, ऑर्डरची वही उघडून दाखवा, किती दिवस चालेल याचा प्रामाणिक अंदाज द्या, स्वतःच्या घरखर्चात काय कमी केलंत तेही सांगा. आणि त्याच महिन्यात नवी गाडी दारात उभी करू नका.

एवढं सगळं एकदम सुरू करू नका. क्रम विचाराल तर आधी पगाराची तारीख आणि नगांचं कार्ड, मग दंड बंद, मग जॉबरशी बोलणं आणि पाट्या. सकाळची फेरी पहिल्या दिवसापासून. वडील येत असतील तर त्यांच्याशी घरी बसून ठरवा, की शेडमधला निर्णय तुमचा, आणि कोणी त्यांच्याकडे गेलं तर ते तुमच्याकडेच पाठवतील. सहा महिने काही बदललंय असं वाटणार नाही. माणसं बघत असतात, की हे किती दिवस टिकतंय. वर्षभरात एखादी मंदी, एखादा परत आलेला लॉट, एखादं भांडण यातून तुम्ही तसेच राहिलात, तर मग ती बोलतील.

राहता राहिले ते दोन विणकर. त्यांच्यापैकी एकाच्या घरी जा. परत ये म्हणायला नको, त्याचा राहिलेला हिशोब, बोनसची बाकी, पीएफचे कागद असं जे काही अडकलं असेल ते पूर्ण करून घेऊन जा. ते हातात दिल्यावर विचारा, शेवटच्या महिन्यात काय झालं होतं. तो जे सांगेल ते ऐकून घ्या, तिथं बाजू मांडू नका, आणि कारखान्यात येऊन त्याच्या नावानं कोणाला जाब विचारू नका. मालक स्वतः हिशोब घेऊन गेले होते, हे दुसऱ्या दिवशीच्या पाळीपर्यंत शेडमध्ये कळलेलं असेल. माझ्या मते वरच्या क्रमाच्याही आधी सुरुवात इथूनच करा, या आठवड्यात.